जाड, तिरपं, मोठं अक्षर : आमची वाटचाल

नारायण पेठेत आम्ही डीटीपीचं काम सुरू केलं तेव्हा आसपासचे ऑफसेटवाले हेच आमचे गिऱ्हाईक होते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. मजकुरासाठी फॉन्ट पुष्कळ मिळायचे, अडायचं ते शीर्षकापाशी. चार शब्द मोठे करून लावले की फिके दिसत, बोल्ड केले की त्यांचा ठोकळा होई. म्हणून शीर्षकं हातानं रेखाटून देऊ लागलो आणि पुढे तोच आमचा धंदा झाला.

चिवडा, मसाले, अत्तर, साड्या यांच्या खोक्यांवर नाव बहुधा इंग्रजीतही असतं. मालकांना ते भारदस्त हवं असतं आणि प्रसन्नही. उभं सेरिफ अक्षर, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेलं, भारदस्त असतं, पण गंभीर दिसतं. सेरिफ नसलेलं कुणाच्याही दुकानावर चालून जातं. जाड, तिरप्या सेरिफमध्ये वजन असतं आणि हाताची लयही असते. म्हणून आम्ही पहिला टाइपफेस काढला तो एवढाच : एकच वजन (म्हणजे एकच जाडी), फक्त इटॅलिक (म्हणजे तिरपं अक्षर), फक्त मोठ्या आकारासाठी. त्याला जोडीचं रेग्युलर, म्हणजे साधं उभं अक्षर, आम्ही काढलं नाही. ते कुठंय, असं आजही विचारतात. शीर्षकाच्या अक्षरानं शीर्षकाचंच काम करावं, हे आमचं ठाम मत आहे.

खरं तर इटॅलिकचा जन्म शीर्षकासाठी झालेलाच नाही. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस यानं 1501 साली व्हर्जिलच्या कवितांचं लहान आकाराचं पुस्तक छापलं, ते फ्रान्चेस्को ग्रिफोनं कोरलेल्या इटॅलिकमध्ये. ते अक्षर बारीक, लिखावटीसारखं होतं आणि त्यातली कॅपिटल अक्षरं उभीच होती. जाडी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनच्या फाउंड्र्यांनी, म्हणजे छपाईचे टाइप ओतणाऱ्या कारखान्यांनी, जाहिरातींसाठी ‘फॅट फेस’ नावाची अतिजाड अक्षरं काढली तेव्हा. आमच्या अक्षरात दोन्हींचा वारसा आहे.

उभं अक्षर कॉम्प्युटरवर तिरकं केलं की झालं इटॅलिक, असं बरेच जण समजतात. तसं करून बघा. ‘ओ’ची उजवी वरची आणि डावी खालची बाजू फुगते, समोरासमोरच्या उरलेल्या दोन बाजू आवळतात. ‘एस’चा मधला वळसा तर दुप्पट जड वाटायला लागतो. बारीक अक्षरात हे खपून जातं, जाड अक्षरात नजरेला टोचतं. म्हणून प्रत्येक वळण नव्यानं काढावं लागतं. शिवाय खऱ्या इटॅलिकमध्ये काही अक्षरांचा घाटच वेगळा असतो : लहान ‘ए’ एकमजली होतो, ‘एफ’ ओळीखाली उतरतो, अँपरसँड (& हे चिन्ह) मोकळेपणी वळतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ गेला तो अक्षरांच्या पोटातल्या पांढऱ्या जागेवर. रेघ जाड झाली की ‘ए’, ‘ई’, ‘जी’ यांची पोटं बुजतात. ती उघडी ठेवायला अक्षर थोडं रुंद करावं लागतं आणि रेघा जिथं मिळतात तिथं जाडी चोरावी लागते. हे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि येऊही नये.

केशरेषा, म्हणजे अक्षरातली सगळ्यात बारीक रेघ, किती बारीक ठेवायची यावर आमच्यात खूप खल झाला. बोडोनी या जुन्या इटालियन टाइपफेसच्या वळणाची अतिबारीक रेघ आर्ट पेपरवर देखणी उमटते, पण कापडी पिशवीवरच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तुटते आणि गडद रंगातून पांढरी सोडली तर शाईनं भरून जाते. पुण्यातला माल पिशवीवर, फ्लेक्सवर आणि पत्रिकेच्या सोनेरी फॉइलवरही छापला जातो. आम्ही रेघ थोडी दणकट ठेवली. नजाकत जराशी कमी झाली, पण छपाईत अक्षर शाबूत राहतं.

घेणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो : 24 पॉइंटच्या खाली वापरू नका, परिच्छेद लावू नका, सगळी कॅपिटल तर अजिबात नकोत. दोन-तीन शब्द घ्या, अक्षरं जवळ ओढा, बाजूला साधा, हलका फॉन्ट ठेवा. पुस्तकाचं मुखपृष्ठ, मिठाईचं खोकं, नाटकाची जाहिरात, मेन्यू कार्डाचा मथळा, इथं हे अक्षर खुलतं. औषधाच्या लेबलवर किंवा बँकेच्या अर्जावर ते कुणी मागितलं तर आम्ही नाही म्हणतो.

2022 साली राज्यातल्या कायद्यात दुरुस्ती झाली. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवं आणि इतर लिपीपेक्षा लहान नको, असा नियम सर्व दुकानांना लागू झाला. तेव्हापासून ‘याच्या जोडीचं मराठी द्या’ ही मागणी वाढली. हे काम इंग्रजीपेक्षा कठीण आहे. देवनागरीला इटॅलिकची अशी परंपराच नाही, आणि बोरूच्या कापामुळे आपल्या अक्षरातली जाड-बारीक रेघ रोमनच्या, म्हणजे इंग्रजीच्या लिपीच्या, उलट दिशेनं पडते. काना तिरका झाला तरी शिरोरेषा आडवीच राहणार. वर वेलांटी आणि रफार एकत्र आले की जागा उरत नाही, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ तर जाडीत लगेच बुजतात. रोमनचा कल देवनागरीला जसाच्या तसा दिला तर अक्षर पडल्यासारखं दिसतं, म्हणून आम्ही तो कमी ठेवला आहे. दोन्ही लिप्यांचा मेळ जाडीतून आणि वळणांतून साधतो. सध्या जोडाक्षरांवर काम चालू आहे. स्वर, व्यंजनं आणि मात्रा पाटीवर लावण्याइतक्या तयार आहेत. दुकानाचं नाव घेऊन या, मोठ्या कागदावर छापून, रस्त्यापलीकडून वाचता येतं का ते तुमच्यासमोरच पाहू.