खुर्च्या स्वस्त, पगार महाग
आज इंदूरच्या राजवाड्याजवळ पोहे खाताना बाबांनी माझ्या कामगार पुरवायच्या नव्या धंद्याबद्दल विचारलं, "एजन्सीला किती लागले रे?" म्हटलं, टेबल, खुर्च्या, बोर्ड हे किरकोळ. खरा खड्डा पगाराचा! पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ३० पोरं लावली, प्रत्येकी १५,०००. म्हणजे साडेचार लाख ७ तारखेच्या आत. वर माझ्या वाट्याचा १२ टक्के पीएफ, ३.२५ टक्के ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा). कंपनी बिल देणार ६० दिवसांनी. त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी मात्र पैसे आले नसले तरी २० तारखेला भरायचाच.

बाबांनी पोह्यांच्या कागदावरच हिशेब मांडला. शेवेच्या तेलात साडेचार लाखांची शाई पसरली. "आईची एफडी मोडू नकोस," एवढंच म्हणाले.

ती सोमवारीच मोडली. (बाबा फेसबुकवर नाहीत, म्हणून लिहितोय.)