नरक्याचं पाणी: तुम्ही विचारलंत म्हणून

"नरक्याच्या सालीचं पाणी कॅन्सरवर चालतं का हो?" माझ्या मेडिकलच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी हे येतंच. मिरकरवाड्यातले खलाशी विचारतात, गणपतीला आलेले चाकरमानी तर मोबाइलवर झाडाचा फोटोच दाखवतात. मी नाही म्हटलं की चेहऱ्यावर लगेच दिसतं: गोळ्या विकणारा माणूस, झाडपाल्याला हो कशाला म्हणेल!

मी झाडपाल्याचा वैरी नाही. पोट बिघडलं की आमच्याकडे अजून कुड्याची साल उगाळतात, मीही घेतो. आणि नरक्यात कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य आहे हे खरंच आहे. कॅम्प्टोथेसिन. १९६६ साली वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी ते अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं काढलं, आणि त्यातले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. पुढे सह्याद्रीतल्या नरक्यातही तेच सापडलं आणि चोरून तोड सुरू झाली. हे सगळं मला डी.फार्म.पासून पाठ. तीच तर गोम.

२०११. ज्यांनी मला शिकवलं त्या काकांना आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. कोल्हापूरला केमोची तारीख दोन आठवड्यांनंतरची. काकी म्हणाली, "तू शिकलेला ना रे, तूच सांग काय ते." मी सांगितलं. साखरप्याच्या ओळखीच्या माणसाने घाटातून साल आणून दिली, ती मी स्वतः कुटली. वास असा की काकी पदर नाकाला लावून मागच्या पडवीत गेली. नाव काही उगाच पडलेलं नाही. चार कपांचा एक कप आटवला, फडक्यातून गाळला. रोज सकाळी अर्धा कप, असं ठरवलं. कशावरून? कशावरूनच नाही. पोराला खोकल्याचं औषध पाच मिली की साडेसात, यावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा मी!

काका नाक दाबून प्यायले. "तू दिलंस म्हणजे बघायला नको."

चौथ्या दिवशी जुलाब लागले. मी ओआरएस दिलं, पण काढा थांबवला नाही. रोग बाहेर पडतोय, असं मलाही वाटलं. होय, मलाच. सहाव्या रात्री रक्त पडायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरी काही दिलं होतं का? मी गप्प. काकी म्हणाली, "नाही." ते नाही माझ्यासाठी होतं. खरं सांगायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. केमो महिनाभर पुढे गेली.

शेवटी सलाईनमधून काकांना जी औषधं दिली त्यात इरिनोटेकॅन होतं. म्हणजे कॅम्प्टोथेसिनमध्येच फेरफार करून केलेलं. मूळ द्रव्य १९७०च्या दशकात माणसांना देऊन पाहिलं, तर त्रासच इतका झाला की सोडून द्यावं लागलं. हे सुधारलेलं रूप अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं. उंची-वजनावरून मात्रा काढतात, आधी रक्त तपासतात, आणि एवढं करूनही जुलाब होतात. बाटलीवरचं नाव वाचलं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो.

आता माझ्या बाजूचं. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. मग माझ्या काढ्यात उतरलं किती? कदाचित काहीच नाही. त्या आतड्यांना रक्त पडायला माझ्या सालीची गरज नव्हती, डॉक्टरही ठामपणे काही बोलले नाहीत. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी हे मुद्देसूद मांडतो. पण काहीच उतरत नसेल, तर साल कुटलीस कशाला?

काका त्यानंतर १४ महिने होते. काकीने तो विषय कधी काढला नाही. तिने काढावा असं मला वाटतं, आणि ती समोर आली की वाटत नाही.

गेल्या आठवड्यात एक बाई सालीचं पुडकंच घेऊन आल्या. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

"तुमच्या काकांना दिलेलंत ना? चांगले वर्षभर जगले म्हणतात." मग आवाज खाली आणून, "अर्धा कप की पूर्ण?"