ठिपके गेले तरी औषध थांबवू नका

माशाच्या अंगावर, परांवर, शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले आणि मासा खडीला, लाकडाला अंग घासायला लागला, की बहुतेक वेळा तो व्हाईट स्पॉटच असतो. हौशी मंडळी त्याला ‘इक’ म्हणतात. हा उद्योग इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिइस नावाच्या एकपेशीय परजीवीचा.

औषध ओतण्याआधी मासा नीट बघा. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीत बारीक टिपके आले असतील, तर तो आजार नाही, विणीचा काळ आहे. अंगावर सोनेरी भुकटी उडाल्यासारखं दिसत असेल तर तो व्हेल्व्हेट, निराळा परजीवी. उलट कधीकधी एकही ठिपका दिसत नाही, पण मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, कारण इक आधी कल्ल्यांत शिरलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसून खाणारा एक जीव. तिथे त्याला मीठही लागत नाही आणि औषधही. पोट भरलं की तो मासा सोडतो, खडीवर किंवा काचेवर कवच करून बसतो आणि आत त्याचं विभाजन सुरू होतं. एकाचे शेकडो होतात, हजारापर्यंतही जातात. ही पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधतात आणि एक-दोन दिवसांत तो मिळाला नाही तर मरतात. आपले उपाय लागू पडतात ते मुख्यतः या पोहणाऱ्या अवस्थेला. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके गायब झाले, की लोक ‘बरा झाला’ म्हणून उपचार थांबवतात, आणि आठवड्याने दुप्पट ठिपके येतात. ठिपके गेले म्हणजे परजीवी फक्त माशावरून उतरलाय.

हे सगळं चक्र तापमानावर चालतं. २५ अंशांना ते आठवड्याच्या आत पूर्ण होतं, १० अंशांना महिन्याहून जास्त लागतो. ३० अंशांना बहुतेक इकची वाढ थांबते. पुणे-नाशिककडे थंडीत हीटर नसलेल्या टाकीचं पाणी रात्री उतरतं, माशांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि इक डोकं वर काढतो, तो त्यामुळेच.

उपचाराची सुरुवात हिशेबाने करा. दोन फुटी टाकी, म्हणजे ६० सेंमी लांब, ३० रुंद आणि पाणी २७ सेंमी उंच: गुणाकाराला १००० ने भागलं की साधारण ४८ लिटर. खडी-दगड वजा करून ४३ धरा. हीटरने दर दोन-तीन तासांनी एक अंश असं करत पाणी ३० पर्यंत न्या. हीटरच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नका, थर्मामीटर वेगळा ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन अखंड चालू हवा. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट गरम करणं. पाणी नुसतं २७-२८ वर नेऊन मीठ-औषध काहीच दिलं नाही, तर आपण परजीवीच्या वाढीलाच वेग देतो.

सोबत खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम. वरच्या टाकीला ८६ ग्रॅम झालं. ते वजनकाट्यावर तोलून तीन भाग करा. प्रत्येक भाग टाकीच्याच पाण्यात विरघळवून बारा-बारा तासांनी घाला. कोरडे खडे माशांवर टाकू नका, अंग भाजतं. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं आणि बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ भरायचं: ११ लिटर बदललं तर २२ ग्रॅम. गोल्डफिशला ३० अंश मानवत नाहीत. त्याला २६-२७ वर ठेवून मीठ ३ ग्रॅमपर्यंत न्या आणि उपचार लांबवा. लोच, कोरीडोरास (एक छोटा मार्जारमासा) या तळाशी वावरणाऱ्या माशांना मीठ फारसं सोसत नाही, तिथे लिटरला १ ग्रॅमवर थांबून भर उष्णतेवर द्या. नाजूक वनस्पती मिठाने वितळतात, ते गृहीत धरा.

रोज खडीला सायफन लावून चौथा हिस्सा पाणी काढा, कवचं त्याबरोबर बाहेर जातात. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं आणि नेमका याचाच लोक कंटाळा करतात. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं असावं.

औषध कधी? मासे धापा टाकत असतील, किंवा दोन-तीन दिवस उष्णता-मीठ देऊनही नवे ठिपके वाढत असतील तेव्हा. दुकानातल्या निळ्या-हिरव्या थेंबांत बहुधा मॅलॅकाईट ग्रीन असतं. आधी फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. प्रकाशाने औषध विरतं, म्हणून टाकीचा दिवा बंद ठेवा. मात्रा बाटलीवरची, लोच आणि मार्जारमाशांना निम्मी. कोळंबी आणि गोगलगाय आधी बाहेर काढा. हातमोजे घाला, युरोप-अमेरिकेत हे रसायन खाण्याच्या माशांसाठी चालत नाही, ते उगाच नाही. काही औषधांत फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाईडचं द्रावण) असतं, त्या बाटलीत तळाशी पांढरा साका दिसला तर ती वापरू नका, तो माशांना विषारी असतो.

शेवटचा ठिपका गेल्यावर किमान तीन-चार दिवस सगळं तसंच चालू ठेवा. एकूण १० ते १४ दिवस धरा. मग मीठ पाणी बदलत हळूहळू उतरवा आणि हीटरही रोज एकेक अंशाने खाली आणा.

नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने. नव्या वनस्पती मासे नसलेल्या टबात २५ अंशांच्या आसपास आठ-दहा दिवस ठेवल्या तर त्यांच्यावरून आलेली पिल्लं उपाशी मरतात. दुकानातल्या पिशवीतलं पाणी टाकीत कधीच ओतू नका, मासा जाळीने उचला आणि पाणी मोरीत ओता.