बालिवागच्या घराची वही

माझं सासर फिलिपिन्समधल्या बुलाकान प्रांतात, बालिवागला. मनिलापासून उत्तरेला पन्नासेक किलोमीटर. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला या गावात शंभराहून जास्त रथांची मिरवणूक निघते. प्रत्येक रथावर येशूच्या दुःखसहनातला एखादा प्रसंग, नाहीतर एखादा संत. यातल्या बहुतेक मूर्ती चर्चच्या नाहीत, एकेका घराच्या आहेत. मूर्ती सांभाळणाऱ्याला तिथे कामारेरो म्हणतात. हा मान पिढीजात चालतो, खर्चासकट.

आमच्या घराकडे सांता मारिया जाकोबे आहे, येशूच्या कबरीवर गेलेल्या तीन मारियांपैकी एक. फिलिपिनो परंपरेत तिच्या हातात झाडू असतो. मी वसईची. लग्नानंतर तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लक्ष्मीपूजनाला केरसुणीवर हळदकुंकू वाहणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू आठवल्या, आणि त्या क्षणापासून ही मूर्ती मला परकी वाटलीच नाही.

हे घर आणि ही मूर्ती, दोन्ही हातची जाण्याच्या बेतात होती. ती राखायला काय काय करावं लागलं ते इथे लिहिते आहे. वसईत, गोव्यात, कोकणात अशी कितीतरी घरं कुलूप लावून उभी आहेत आणि वारस चार देशांत पांगलेले आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हे उपयोगी पडावं.

घर जुन्या 'बाहाय ना बातो' पद्धतीचं. खाली अदोबे दगडाच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाच्या, भिंती, वर सगळं लाकूड. वरच्या मजल्याचा भार दगडावर नसतो, तो जमिनीपासून छपरापर्यंत गेलेल्या लाकडी खांबांवर असतो, म्हणून भूकंपात वरचं घर हलतं पण सहसा कोसळत नाही. खिडक्यांना काचेऐवजी कापिसचे, म्हणजे शिंपल्याचे, चौकोनी तुकडे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत बसवतात तोच हा शिंपला. खालच्या साग्वानमध्ये, म्हणजे तळमजल्याच्या प्रवेशदालनात, पूर्वी घोडागाडी राहायची, आता तिथे रथ असतो. आणि वर दिवाणखान्याला लागून देवघर.

आजेसासूबाई २०१९ मध्ये वारल्या. सगळे त्यांना लोला म्हणत, मीही म्हणायचे. दहा दिवसांच्या आत एक व्यापारी जिना चढून आला. त्याला जमीन नको होती. नाराच्या लाकडाच्या फळ्या, खिडक्या आणि देवघरातल्या मूर्ती एवढंच हवं होतं. एक दीर टोरोंटोला, एक दुबईला, नणंद कॅलिफोर्नियात. पैसे घेऊन वाटून टाकावेत असं दोघांना वाटत होतं, आणि त्यांचं वाटणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. घराची पट्टी भरायची, छप्पर गळायचं, आणि तिथे राहत होती फक्त सासऱ्यांची धाकटी बहीण, आमच्या तिता.

पहिला अडसर निघाला तो कागदांचा. घर अजून लोलाच्या वडिलांच्याच नावावर होतं. म्हणजे दोन पिढ्यांचा वारसा एकाच वेळी लावायचा होता. फिलिपिन्समध्ये वारसांचं एकमत असेल तर कोर्टात जावं लागत नाही, आपसात वाटणीचा दस्त करता येतो, पण त्याची नोटीस वर्तमानपत्रात ओळीने तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, छापावी लागते. त्याआधी वारसा कर. तो न भरता वर्षं गेली असली की दंड आणि व्याज चढत जातं, आणि याच कारणाने तिथली अनेक घरं मेलेल्या माणसांच्या नावावर पडून राहतात. २०१९ च्या माफी कायद्यामुळे दंड-व्याज न लागता निव्वळ मालमत्तेच्या सहा टक्क्यांत सुटका होऊ लागली. ती सवलत आधी २०१७ अखेरपर्यंत वारलेल्यांपुरती होती, म्हणजे लोलाचे वडील बसत होते आणि लोला नाही. पुढे २०२३ मध्ये ती ३१ मे २०२२ पर्यंतच्या मृत्यूंना लागू झाली आणि दोन्ही पिढ्या एकदम मोकळ्या झाल्या.

परदेशातल्या भावंडांची मुखत्यारपत्रं हा वेगळाच प्रकार. कॅलिफोर्नियाहून आलेल्या कागदाला अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत चालणारं कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, पुरलं. दुबईच्या कागदासाठी फिलिपिनो वकिलातीत जाऊन उभं राहावं लागलं. टोरोंटोच्या दिराचंही पहिलं पत्र असंच वकिलातीतून आलं, पण जानेवारी २०२४ पासून कॅनडा अपोस्टिल करारात आल्यामुळे दुसरं पत्र सरळ झालं. कुणी हे करणार असेल तर माझं सांगणं एकच, मुखत्यारपत्रात 'विकणे' आणि 'वाटणी करणे' हे अधिकार वेगवेगळे लिहून घ्या. आमच्या वकिलांनी तसं करायला लावलं म्हणून दुबईच्या दिराने सही केली. घर आपल्या पाठीमागे विकलं जाईल हीच त्याची भीती होती.

माझं नाव यातल्या एकाही कागदावर नाही. मी परदेशी, तिथल्या राज्यघटनेप्रमाणे मला जमीन विकत घेता येत नाही. पण सगळ्या फायली माझ्याकडे होत्या, कारण भावंडांपैकी कुणाचाच दुसऱ्यावर पुरता विश्वास नव्हता आणि माझा त्यात काही वाटा नव्हता. तिता एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्या गावचा माणूस आमच्या मनिलात संत झाला, ही परकी कशी?" त्या बोलत होत्या गोन्सालो गार्सियांबद्दल. वसईत जन्मलेले गोन्सालो मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले, त्याच संघाचे धर्मगुरू पेद्रो बाउतिस्तांचे दुभाषी म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये दोघेही संत जाहीर झाले. केसोन सिटीतल्या सान पेद्रो बाउतिस्ता चर्चमध्ये मी अनेकदा जाते. तिताच्या त्या वाक्यानंतर बैठकीत माझं ऐकलं जाऊ लागलं.

व्यापाऱ्याचा विषय मात्र कायद्यानेच संपवला. तिथल्या २००९ च्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायद्यात पन्नास वर्षांहून जुनी वास्तू महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता असल्याचं गृहीत धरलं होतं, परवानगीशिवाय ती मोडता येत नव्हती. हे नवऱ्याने त्याला शांतपणे सांगितल्यावर तो पुन्हा आला नाही.

मग लाकूड. तिथे दोन शत्रू, आनाय म्हणजे वाळवी आणि बुकबोक म्हणजे भुंगेरा. खांबांच्या बुंध्याशी रोज सकाळी पिवळसर भुकटी पडलेली दिसायची. पण खरं नुकसान किड्यांनी नाही, सिमेंटने केलं होतं. पूर्वी कधीतरी कुणीतरी चांगल्या हेतूने खालच्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता आणि खांबांभोवती कोबा घातला होता. अदोबे दगड ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंटने तो बुजवला की ओल बाहेर पडत नाही, वर चढते आणि खांबाचा बुंधा कुजतो. आम्ही सिमेंट फोडून काढलं आणि पुन्हा चुन्याचा गिलावा केला. कुजलेले बुंधे कापून तिथे जुन्या लाकडाचे जोड दिले. नवं नारा मिळणं सोपं नाही, २०११ पासून नैसर्गिक जंगलातल्या तोडीवर बंदी आहे, म्हणून पाडलेल्या घरांमधलं लाकूड शोधावं लागलं. उघड्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण ब्रशने पाजलं. हे काम स्वस्त आहे आणि आपल्याकडच्या घरांनाही चालेल, फक्त लाकडावर आधी व्हार्निश असेल तर ते खरवडून काढा, नाहीतर द्रावण आत जात नाही.

वरच्या जमिनीला आम्ही काहीच लावलं नाही. तिता अजूनही ती बुनोतने घासतात. अर्धं नारळाचं सोडण पायाखाली घ्यायचं आणि कमरेतून हलत मागेपुढे सरकत जायचं. वयाची सत्तरी उलटलेली ही बाई दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अशी जाते आणि मागे फळीवर खिडकीचा उजेड उमटत जातो. मी शिकले. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात.

देवघरात काचेच्या घुमटाखाली निष्कलंक मरियेची लहानशी मूर्ती आहे, चेहरा आणि हात हस्तिदंती. मनिलातल्या पारियान वस्तीत चिनी कारागीर अशा मूर्ती कोरायचे आणि त्या गलबतांतून पार मेक्सिकोपर्यंत जायच्या. आमच्या मूर्तीचा कारागीर कुणालाच ठाऊक नाही. नणंदेला ती हवी होती, आईची आठवण म्हणून. तिला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. हस्तिदंताची ने-आण आंतरराष्ट्रीय करारात जखडलेली आहे, अमेरिकेचे नियम फार कडक आहेत, आणि खुद्द फिलिपिन्सने २०१३ च्या जूनमध्ये जप्त केलेला सुमारे पाच टन हस्तिदंत जाहीरपणे नष्ट केला होता. सामानात गुंडाळून न्यायची वस्तू ही नव्हे. शेवटी नणंदेने स्वतःच ठरवलं की मूर्ती इथेच राहील आणि तिची देखभाल ती पैशाने करेल. या देखभालीला फारसं काही लागतही नाही: पाणी लावायचं नाही, तेल लावायचं नाही, जवळ दिवा किंवा एसी नको, हवा एकदम कोरडी झाली की हस्तिदंताला चीर जाते.

मारिया जाकोबेचा चेहरा लाकडाचा. डोळे काचेचे, केस खरे. ते बायकांनी नवस फेडताना दिलेले आहेत. मेणबत्त्यांच्या काजळीने चेहरा तपकिरी पडला होता आणि गावातल्या काहींचं म्हणणं होतं की पुन्हा रंगवून घ्यावा, उजळ दिसेल. मी ठाम विरोध केला आणि आजही माझं मत तेच आहे. लाकडावर चढवलेला जुना त्वचेचा रंग, ज्याला तिथे एन्कार्ना म्हणतात, एकदा झाकला की लोलाने पाहिलेला चेहरा पुन्हा दिसत नाही. मनिलाहून आलेल्या जतनतज्ज्ञ बाईंनी कापूस काडीला गुंडाळला, थुंकीने ओला केला आणि गालाच्या कडेपासून सुरुवात केली. थुंकी सौम्य असते, काजळी सोडवते आणि रंगाला धक्का लावत नाही. काड्यांचा ढीग काळा होत गेला. तिसऱ्या प्रहरी डाव्या डोळ्याखाली एक अश्रू निघाला, रंगाने काढलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. तिताने तो लहानपणी पाहिला होता. त्या खुर्चीवर बसल्या आणि खूप रडल्या.

भरजरी झग्याच्या आत वर्षानुवर्षं लावलेल्या सेफ्टी पिनांनी गंजाचे डाग पाडले होते. आता आत कापडी नाड्या शिवल्या आहेत. मखमल घडी न घालता लांब पेटीत मऊ कागद घालून ठेवतो. मूर्तीला कपडे चढवताना खोलीत फक्त बायका असतात, जपमाळ चालू असते, आणि हा आमच्या घरचा नियम कुणी मोडत नाही.

पण घर दुरुस्त झालं आणि मूर्ती स्वच्छ झाली, तरी मला धास्ती वेगळीच होती. जे काम फक्त तिताच्या डोक्यात होतं त्याचं काय? २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मिरवणूक निघाली नाही, मूर्ती घरातच खिडकीशी उभी केली, आणि त्या आठवड्यात तिता एकेक गोष्ट सांगत बसल्या तेव्हा कळलं की त्या गेल्या तर घर राहील आणि त्यात करायचं काही राहणार नाही. तिथूनच वही सुरू झाली. फुलं कुणाकडून. जनरेटर कुठे ठेवायचा. रथाचं पुढचं चाक उतारावर डावीकडे का ओढतं. ओढणाऱ्यांच्या जेवणात काय असतं. पाबासाला कोणकोण येतं आणि कुणाला शेजारी बसवायचं नाही.

पाबासा म्हणजे येशूच्या दुःखसहनाचं काव्य घरात अखंड गाणं, दिवस-रात्र, पाळीपाळीने. पाच ओळींची कडवी, ओळीत आठ अक्षरं. आमच्याकडे १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या ओव्या आहेत, त्यामुळे हे ऐकताना मला कुठे आहे याचा विसर पडतो. गाणाऱ्यांना आल्याचा गरम सालाबात सतत द्यावा लागतो. प्रत्येक घराची चाल थोडी निराळी असते. आमच्या चालीत चौथी ओळ खाली उतरते, ती तिताच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आणि सगळ्या भाचरांना पाठवली. टोरोंटोची पुतणी तिथून आमच्याबरोबर गाते, वेळेच्या फरकामुळे तिची पाळी आमच्या पहाटेची असते.

भावंडांनी २०२४ मध्ये घर न वाटता सामाईक ठेवण्याचा करार केला. तिथल्या कायद्यात असा करार एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा होतो, मग नवा करावा लागतो. नाहीतर सहमालकांपैकी कुणीही कधीही वाटणी मागू शकतो. म्हणजे २०३४ पर्यंत मुदत आहे. करारात पैशांबरोबर कामंही लिहून घेतली, हा आग्रह माझा होता. दरवर्षी एका भावाकडे मिरवणूक, त्याने सुट्टी काढून यायचं, येणं शक्यच नसेल तर पैसे पाठवून भागणार नाही, दुसऱ्या भावंडाशी पाळी बदलून घ्यायची. दुबईचा दीर पहिल्या वर्षी कुरकुरत आला. आता त्याचा मुलगा रथाचं चाक सांभाळतो, आणि चाक डावीकडे का ओढतं ते त्याने शोधून काढलं. आस वाकलेला होता. वहीत ते पान त्याच्या अक्षरात आहे.

छपराचे पत्रे जून उजाडायच्या आत बदलायचे आहेत. दोन भावंडांचे पैसे आले, तिसऱ्याचे या महिन्यात येतील.