अंतरपाट – आपण आणणे

माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्याकडे फक्त कान पिळायचं काम आहे अशी माझी समजूत होती. नवरदेवाचा कान पिळायचा, त्याने द्यायचं ते पाकीट घ्यायचं आणि पंगतीत जाऊन बसायचं. भावाला याहून जास्त काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्यक्षात चार महिने मी एक्सेल शीट घेऊन फिरत होतो आणि लग्नाच्या दिवशी घामाने भिजलेला झब्बा घालून कार्यालयाच्या मागच्या खोलीत पिशव्या उपसत होतो, ते का ते सांगतो.

खरं तर ताईला रजिस्टर लग्नच करायचं होतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात काम कसं सुटसुटीत आहे बघा, 30 दिवस आधी नोटीस द्यायची, आक्षेप नाही आला की तीन साक्षीदार घेऊन जायचं, सह्या, पेढे, विषय संपला. बाबा हो म्हणाले, मग रात्री जेवताना आत्या म्हणाली साक्षीदार कोण कोण, आणि तिथेच सगळं फिसकटलं. आमच्याकडे दोन काका, तीन आत्या, दोन मामा, त्यातले तीन निवडायचे म्हणजे उरलेल्यांशी पुढची दहा वर्षं बोलणं बंद. त्यापेक्षा साडेतीनशे माणसांना जेवायला घालणं स्वस्त पडलं असतं असं आई म्हणाली आणि तसंच झालं.

ताईच्या एका मैत्रिणीने सत्यशोधक पद्धतीने लग्न केलं होतं, तेही आमच्या घरात दोन दिवस चर्चेत होतं. महात्मा फुल्यांनी 1873 च्या सप्टेंबरात समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुरोहिताशिवायचं पहिलं लग्न लावलं, सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. नवरा-नवरी एकमेकांना शपथ देतात, मानपान नाही, हुंडा नाही. दीडशे वर्षांपूर्वी, विरोध पत्करून, लोकांनी हे करून दाखवलं, आणि आम्ही इथे ब्लाऊजच्या लटकनवर तीन दिवस भांडतोय, हे माझं वाक्य कुणालाच आवडलं नाही.

तर मग याद्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लग्न ठरलं की दोन्हीकडची मोठी माणसं बसतात आणि कागदावर लिहितात की कार्यालय कुणाचं, जेवण कुणाचं, मुलीचा शालू कुणी घ्यायचा, मुलाचा पोशाख कुणी, हार कुणी, घोडा आहे का नाही. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, एक प्रत त्यांच्याकडे एक आपल्याकडे. मला आधी हे जुनाट वाटायचं, आता वाटतं लग्नातली सगळ्यात मॉडर्न गोष्ट तीच आहे. लोक आता प्लॅनर नेमतात, अ‍ॅप घेतात, ते शेवटी करतात काय तर याद्याच.

आमच्या याद्या लिहिल्या मुलाकडच्या काकांनी. आयुष्यभर सरकारी पत्रव्यवहार केलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं आणि भाषा एकदम अदबीची. मी त्या कागदाचा फोटो काढला, घरी येऊन सगळं शीटमध्ये टाईप केलं, त्यात रंग भरले, पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केले. फाईलचं नाव आधी 'फायनल' होतं, मग 'फायनल नवीन', मग 'फायनल हीच बघा'. ओळ क्रमांक 41 ला होतं, 'अंतरपाट – आपण आणणे'. मी वाचलं आणि म्हटलं वा, एक काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, हिरवा रंग.

मधल्या काळात काय काय झालं ते सगळं सांगत नाही, तुमच्याही घरी तेच झालं असेल. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, त्यामुळे तुळशीचं लग्न लागलं की अख्खा महाराष्ट्र त्याच पाच-सात तारखांवर तुटून पडतो, आणि गुरू-शुक्राचा अस्त आडवा आला तर त्यातल्याही कमी होतात. आम्हाला शेवटी एक गुरुवार मिळाला. रविवार नाही म्हणून आत्या नाराज झाली, पण हॉल, केटरर, फोटोवाला तिघंही एका फोनवर मिळाले, मी तर म्हणतो वीकडेलाच लग्न करावं. ताईची चौदा केळवणं झाली, चौदाही ठिकाणी श्रीखंड, आणि ते लटकनवालं ब्लाऊज शेवटच्या आठवड्यात उसवून सैल करावं लागलं.

आई मात्र यातल्या कशातच नव्हती. शीट तिने एकदाही उघडली नाही. ती पलंगावर पिशव्या मांडून बसायची, प्रत्येक पिशवीत एक आहेर, आणि वर सेफ्टी पिनेने लावलेली चिठ्ठी, 'थोरल्या नणंदेची सासू', 'मधली काकू, जांभळा नको म्हणते', 'मोठा मामा, धोतर'. गुरुजींची यादी पण तशीच, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, बदाम, जानवं, विड्याची पानं, सुटे पैसे, सगळं वेगळ्या डब्यात आणि डब्यावर ज्याने तो उचलून न्यायचा त्याचं नाव. मला हसू यायचं. मी म्हटलं अगं शीटमध्ये आहे सगळं, तर म्हणाली शीट डबा उचलते का.

लग्नाचा मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटं. बारा वाजून नऊ मिनिटांनी ताई गौरीहराशी बसलेली, मामा तिला आणायला गेलेला, नवरदेव पाटावर उभा, अक्षता वाटून झालेल्या, मंगलाष्टकं म्हणायला घरच्या चार बायका स्वतःच्या वह्या घेऊन माईकपाशी सज्ज. गुरुजींनी हात पुढे केला, "अंतरपाट द्या."

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"काका, तुम्ही लिहिलंत ना, आपण आणणे?"

"हो मग? आपण! आपण म्हणजे आपण, तुम्ही!"

म्हणजे त्यांनी मला मान दिला होता आणि मी तो त्यांच्याच खात्यात जमा केला होता. मराठीत 'आपण' म्हणजे मी आणि तू मिळून पण होतं, आम्हीच पण होतं आणि अदबीने तुम्ही पण होतं. बाकी वेळी किती गोड वाटतं हे, पण खरेदीच्या यादीत असला शब्द म्हणजे सुरुंग. नंतर मी शांतपणे शीट तपासली तर जिथे जिथे घोळ झाला होता तिथे तिथे 'कोण' या रकान्यात 'आपण', 'आपल्याकडे', 'घरचेच', नाहीतर 'बघू' असं होतं. वरातीच्या गाडीपुढे 'मुलं बघतील' होतं, आणि कुठली मुलं ते मुलांनाही माहीत नव्हतं.

गुरुजी मात्र शांत होते. म्हणाले, कोरं कापड आणा काहीही, पांढरं असलं म्हणजे झालं. मी मागच्या खोलीत पळालो. तिथे साठ-सत्तर पिशव्या, पण मला शोधावं असं लागलंच नाही, चिठ्ठ्या वाचत गेलो आणि चौथ्या रांगेत 'मोठा मामा, धोतर'. कोरं करकरीत, घडी न मोडलेलं, किमतीचं लेबल अजून वर. लेबल दाताने तोडलं, गुरुजींनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि बारा सतराला त्या धोतरापलीकडे मामाने स्वतःच्या भाचीला आणून उभं केलं. त्याला कळलं तिसऱ्या मंगलाष्टकाला. मुलीमागे उभं राहून मामाने रडायचं असतं, हा माणूस ओठ दाबून खांदे हलवत होता, लोकांना वाटलं फार भरून आलंय.

कान मी जरा जोरातच पिळला. मेहुण्याची चूक नव्हती, पण काकांचा पिळता येत नाही ना.

दुसरं धोतर देतो म्हटलं तर मामा ऐकेना, तेच स्वस्तिकवालं घेऊन गेला. या मार्गशीर्षात त्याच्या मुलीचं लग्न आहे. परवा याद्यांना मी पण होतो, लिहायला मलाच बसवलं. अंतरपाट आला तेव्हा मी पेन थांबवून विचारलं कुणाचं नाव घालू, तर मामा आतल्या खोलीत गेला, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मामी तिथूनच ओरडली, "अहो धुतलंय मी ते, पण कुंकू काही गेलं नाही हां!"