फियोना असेपर्यंत

1965 सालच्या ‘थंडरबॉल’ या जेम्स बाँडपटाची कथा कोणी गंभीर चेहऱ्याने सांगू लागला, तर ऐकणाऱ्याला हसू आवरणे कठीण जाईल. शस्त्रक्रियेने चेहरा बदललेला एक तोतया दोन अणुबॉम्ब असलेले विमान बहामाच्या समुद्रात उतरवतो, त्यावरून दहा कोटी पौंडांची खंडणी मागितली जाते, आणि नायक तर आरंभीच पाठीवर यंत्र बांधून गच्चीवरून उडून जातो. मुख्य खलनायक लार्गो डोळ्यावर काळी पट्टी बांधतो आणि बंगल्याच्या तलावात शार्क पाळतो. पण ज्या मोरीचे, म्हणजे शार्कचेच, आमच्या वेंगुर्ल्याकडे झणझणीत मटण होते, तिला पाहून दचकायचे म्हणजे मनाला बरेच समजवावे लागते.

दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला नायकाच्या विजयाचे फारसे अप्रूप नसते. तो होणार हे ठाऊकच असते. रात्र जागवायची ती राक्षसाच्या प्रवेशासाठी आणि लिखित संहिता हाताशी नसताना तो आयत्या वेळी काय बोलतो, ते ऐकण्यासाठी. लुचियाना पालुझीने रंगवलेली फियोना व्होल्पे मला त्याच जातीची वाटते.

ती लार्गोच्याच संघटनेची, परंतु त्याच्यासारखी नुसती ऐट मिरवत बसत नाही. कामात चुकलेल्या सहकाऱ्याची मोटार ती मोटरसायकलवरून अग्निबाण सोडून उडवते आणि बाँडला शेजारी बसवून गाडी अशी हाकते की त्या निगरगट्ट माणसाचाही चेहरा उतरतो. तिचा खरा प्रवेश मात्र त्यानंतरचा. एकत्र घालवलेल्या रात्रीनंतर बाँड तिला ऐकवतो की हे सारे आपण देशासाठी केले, आणि ती तिथल्या तिथे त्याची हजेरी घेते: तुझ्या मिठीत आलेली प्रत्येक बाई पश्चात्ताप पावून सज्जनांच्या बाजूला जाते, असा तुझा समज असेल, मी तशी नव्हे. आदल्याच वर्षीच्या ‘गोल्डफिंगर’मध्ये नेमके तसेच घडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही बाई एकट्या बाँडला नव्हे, तर त्याच्या पटकथाकारांनाही सुनावते आहे, असे वाटू लागते.

मग नाचता नाचता बाँड तिला ऐन वेळी फिरवतो आणि तिच्याच माणसाने त्याच्यावर झाडलेली गोळी तिच्या पाठीत शिरते. इथे चित्रपटाचा प्राणच जातो. नंतरच्या पाण्याखालील लढाईचे कौतुक पुष्कळ झाले. चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्करही मिळाले. पण नारिंगी पोशाखातले सज्जन आणि काळ्या पोशाखातले दुर्जन एकमेकांच्या श्वासनळ्या इतक्या सावकाश तोडतात की तेवढ्यात चहा करून आणावा.

गंमत म्हणजे पालुझीने चाचणी दिली होती ती नायिकेच्या भूमिकेसाठी. पुढे 1983 मध्ये ‘थंडरबॉल’मधला बाँड शॉन कॉनरी यालाच घेऊन हीच कथा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ या नावाने पुन्हा चित्रित झाली. तेव्हा नायिका किम बेसिंजर होती, आणि गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले ते खलनायिका झालेल्या बार्बरा कॅरेराला.