ओत्सुचा कारुता आणि शहापूरच्या माजघरातले मनाचे श्लोक

गेल्या रविवारी बेळगावहून वहिनीचा फोन आला, तेव्हा इथे जपानमधल्या ओत्सुमध्ये रात्रीचे आठ वाजले होते आणि तिथे शहापुरात, बेळगावातल्या आमच्या घरी, साडेचारचा चहा व्हायचा होता. तिच्या आवाजातला राग मला ‘हॅलो’मध्येच कळला. "तुझ्या त्या जपानी कार्टूनपायी पोरीनं घरातल्या सगळ्या लग्नपत्रिका कापून टाकल्या बघ," ती म्हणाली. नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तळहाताएवढे तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकड्यावर मनाच्या श्लोकांतले शेवटचे दोन-दोन चरण स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्याचा फोटो पाहून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. वहिनीला वाटले, मलाही वाईट वाटले असावे.

तिने काय केले हे समजण्यासाठी कारुता, म्हणजे ऐकलेल्या कवितेचा पत्ता आधी टिपण्याचा जपानी खेळ, काय असतो हे सांगायला हवे, आणि त्याबद्दल मी थोडक्यात लिहू शकत नाही, कारण मी राहते ते ओत्सु हेच या खेळाचे माहेर मानले जाते. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका या कवीने शंभर कवींची प्रत्येकी एक कविता निवडून संग्रह केला. प्रत्येक कविता साधारण 31 मात्रांची आहे. स्पर्धेत पत्त्यांवर कवितेचा फक्त उत्तरार्ध छापलेला असतो आणि वाचक पूर्वार्धापासून म्हणू लागतो. शंभरांपैकी 50 पत्ते तातामीवर, म्हणजे जपानी गवती चटईवर, मांडले जातात, दोन्ही खेळाडूंपुढे पंचवीस-पंचवीस. उरलेल्या 50 कविताही वाचल्या जातात, मात्र त्यांचे पत्ते समोर नसतात, त्यामुळे अशा वेळी चुकीच्या पत्त्याला हात लागला तर दंड बसतो. खेळ सुरू होण्यापूर्वी मांडणी पाठ करायला 15 मिनिटे मिळतात, आणि त्या पंधरा मिनिटांत दालनात श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही. मग वाचक आधीच्या कवितेचा उत्तरार्ध म्हणतो, क्षणभर थांबतो, नव्या कवितेचे पहिले अक्षर उच्चारतो, आणि ते पुरते कानी पडण्याआधीच पत्ता भिंतीवर जाऊन आपटलेला असतो. सात कविता अशा आहेत की त्या पहिल्या अक्षरावरच ओळखता येतात. उलट काहींना सहावे अक्षर येईपर्यंत वाट पाहावी लागते. कविता ओळखू येण्यासाठी जितकी अक्षरे ऐकावी लागतात, त्यांना ‘किमारिजी’ म्हणतात, म्हणजे निर्णय देणारी अक्षरे.

इथले ओमी जिंगू हे मंदिर 1940 साली सम्राट तेंजीच्या स्मरणार्थ उभारले गेले, आणि त्या शंभरांपैकी पहिली कविता तेंजीच्याच नावावर आहे. दरवर्षी जुलैमध्ये जपानभरच्या हायस्कुलांतली मुले इथे राष्ट्रीय स्पर्धेला येतात. पहिल्या वर्षी मी त्या दिवसांत मंदिराकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत चढले, तेव्हा सभोवती हाकामा हे घेरदार पारंपरिक वस्त्र नेसलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले डोळे मिटून ओठ हलवीत उभी होती. मला आमच्या शाळेतल्या गीतापठण स्पर्धेआधीचा वर्ग आठवला. फरक एवढाच, की आमचे पाठांतर बक्षीस मिळाले की संपत असे, आणि इथे पन्नाशीच्या बायकाही संध्याकाळी सार्वजनिक सभागृहात गुडघे टेकून तेच शंभर पत्ते घेऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

या खेळावरची ‘चिहायाफुरु’ ही अॅनिमे मालिका 2011 साली सुरू झाली आणि शाळाशाळांतल्या कारुता क्लबांत मुलांची गर्दी वाढली. असे इथे पूर्वीही घडले आहे. ‘कॅप्टन त्सुबासा’ 1983 साली दूरचित्रवाणीवर आली आणि जपानी मुलांनी फुटबॉल उचलला. स्पेनच्या फर्नांडो तोरेसनेही लहानपणी ती मालिका पाहूनच फुटबॉलची ओढ लागल्याचे सांगितले आहे. पण ‘अॅनिमेने छंद लावला’ एवढे म्हटल्याने माझे समाधान होत नाही. या मालिकांत जिंकण्यापेक्षा सरावाला जास्त वेळ दिलेला असतो. एकच फटका, एकच उडी, एकच अक्षर शंभरदा करून पाहणारे मूल आणि त्याच्या शेजारी तेच करणारे दुसरे मूल पडद्यावर सतत दिसत राहते. ते पाहणाऱ्याला वाटते की एखादी बारीकशी गोष्टसुद्धा इतकी मनापासून करायला हरकत नसते. माझ्या मते दृष्टी बदलते ती तिथे.

आता शहापूरकडे येते. भाचीने ती मालिका पाहिली, मला विचारून पत्त्यांचे नियम उतरवून घेतले, आणि जपानी कविता पाठ करण्याऐवजी आईकडे, म्हणजे तिच्या आज्जीकडे गेली. आईला मनाचे 205 श्लोक लहानपणापासून पाठ आहेत. पहिल्या दोन चरणांचे वाचन, शेवटच्या दोघांचा पत्ता, असे ठरले. पण पहिल्याच दिवशी अडचण आली ती इतकी सुंदर होती की मी ती इथल्या कारुता मंडळातल्या बायकांना मुद्दाम सांगितली. समर्थांच्या श्लोकांपैकी कितीतरी ‘मना’ या शब्दाने सुरू होतात, आणि त्याखेरीज ‘नको रे मना’ने सुरू होणारे वेगळेच. ‘मना स’ ऐकून हात टाकावा, तर ‘मना सज्जना’ असेल की ‘मना सर्वथा’, हे पुढच्या जोडाक्षरापर्यंत कळत नाही. शिवाय ‘नुपेक्षी कदा राम दासाभिमानी’ हा चौथा चरण ओळीने अनेक श्लोकांना आहे, त्यामुळे त्या पत्त्यांवर तिसऱ्या चरणावरूनच नजर पक्की करावी लागते. भाचीने वहीत प्रत्येक श्लोकाची निर्णय देणारी अक्षरे काढली आहेत. समर्थांच्या शब्दरचनेकडे इतक्या बारकाईने पाहण्याची वेळ माझ्यावर शाळेत कधी आली नव्हती.

आणि इथे मला वहिनीशी, दादाशी आणि ‘कार्टूनने पोरं बिघडतात’ म्हणणाऱ्या सगळ्यांशी वाद घालायचा आहे. माझी भाची इंग्रजी माध्यमात शिकते आणि शाळेत कन्नड लिहिते. मराठी ती बोलते, पण मागच्या दिवाळीपर्यंत मराठी वर्तमानपत्राचा मथळासुद्धा तिला अडखळत वाचावा लागत असे. घरातल्या कुणाला त्याची खंत नव्हती असे नाही. खंत होती, भाषणे होती, सीमाप्रश्नावर जेवताना तावातावाने बोलणेही होते. परंतु तिच्या हातात देवनागरी लिहिण्याचे कारण कुणी दिले नव्हते. ते कारण ओत्सुच्या मंदिरावरून फिरून आले, आणि ते जपानहून आले म्हणून मराठीचे काही कमी झाले असे मला वाटत नाही. पलीकडच्या गल्लीतली तिची कन्नड मैत्रीण आता सर्वज्ञ या जुन्या कन्नड कवीच्या तीन ओळींच्या त्रिपदींचे पत्ते करते आहे. दोन ओळी वाचायच्या, तिसरीचा पत्ता. त्या दोघी एकमेकींचे पत्ते खेळतात आणि दोन्ही भाषांत हरतात.

वहिनीची बाजू खोटी नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोरगी रात्री एकपर्यंत मालिका पाहत होती आणि गणितात तिचे गुण घसरले, हे खरे आहे. इथल्या आयाही हीच तक्रार करतात, आणि पडद्यात बुडून दारही न उघडणाऱ्या मुलांची काळजी जपानलाही आहे. मी भाचीला रात्री दहानंतर मोबाइल बंद करण्याचे वचन द्यायला लावले. तरीही लग्नपत्रिका कापल्याचा आरोप मी मान्य करणार नाही. त्या पत्रिका कपाटात वीस वर्षे पडून होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या जोडप्यांची नावे घरात कुणाला आठवत नव्हती.

माझ्यापुरते सांगायचे, तर मला तीन वर्षे घरी जाता आलेले नाही. बाबा गेल्यापासून आई माजघरात एकटी बसते, आणि दर रविवारी मी फोनवर तिला ‘जेवलीस का’ याहून वेगळे काही विचारू शकत नव्हते. भाचीला मी मालिका सुचवली, तेव्हा माझ्या मनात आईचा विचार नव्हता. पण आता रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर दोघी पाट बाजूला सारून जमिनीवर 50 पत्ते मांडतात. गुडघे दुखतात म्हणून आईला खुर्चीवर बसून लांब पट्टीने पत्ता ढकलण्याची सवलत मिळाली आहे. तरी ती जिंकते, कारण भाचीला अजून अक्षर ऐकून चरण आठवावा लागतो आणि आईच्या बाबतीत अक्षर आणि चरण यांच्यामध्ये काही उरलेलेच नाही. ओमी जिंगूच्या सभागृहात मी पाहिलेल्या खेळाडूंपैकी सर्वांत वेगवान हात ज्यांचे होते, त्यांचेही असेच असावे.

दोघी खेळायला बसल्या की वाचायला तिसरे माणूस लागते. वहिनी स्वयंपाकात आणि दादा दुकानात, म्हणून रविवारी ते काम माझ्याकडे आले. फोन पितळी डब्याला टेकवून माजघराच्या उंबऱ्यावर ठेवलेला असतो. मी आधीच्या श्लोकाचा शेवटचा चरण म्हणते, इथल्या वाचकांसारखी क्षणभर थांबते आणि पुढच्या श्लोकाचे ‘मना’ म्हणून पुन्हा श्वास घेते. आवाज बेळगावला पोहोचायला थोडा उशीर होतो, आणि त्या उशिरात मला आईची पट्टी फरशीवर हलकेच सरकलेली ऐकू येते. "सावकाश वाच गं," भाची ओरडते. आई म्हणते, "मोठ्यानं वाच."